सुतकातलं इंजेक्शन

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघं वाल सोलत बसलो होतो. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकले की साल ढिली होते. मग चिमटीत धरून दाबलं की डाळिंबी सटकन बाहेर येते. माझी दर वेळी सटकून भिंतीवर जायची. इंदू म्हणाली, तुमच्या हातून मुलुंडला इतकी वर्षं पाणी मिळालं कसं, देव जाणे. मी म्हटलं, लोखंडाच्या चावीला साल नसते. ती हसली नाही, नाकातून फुसकन आवाज काढला. तोच तिचा हसण्याचा आवाज.

आतल्या खोलीत आमची पोरगी स्मिता झोपली होती. सकाळीच इंदू तिला घेऊन सोनोग्राफीला जाऊन आली होती. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, बीज तयार झालंय, एकच झालंय, अगदी पाहिजे तसं. उद्या सकाळी शेवटचं इंजेक्शन, बीज फुटून बाहेर पडायचं. ते इंजेक्शन बर्फाच्या पिशवीत घालून इंदूने घरी आणलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. ती खूश होती. खूश असली की ती बिरडं करायची.

वाल सोलता सोलता इंदू पाठीत दुखतंय म्हणाली. गॅस झाला असेल म्हणाली. ओवा खाल्ला. मग घाम फुटला आणि तिचं तोंड पांढरं पडलं. शेजाऱ्याने रिक्षा आणली. दवाखान्यात पोचलो तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. स्ट्रेचर आत गेलं ते गेलंच. ऊन उतरायच्या आधी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला, सॉरी.

हे कशाला लिहितो

मी सातवी नापास. महापालिकेच्या पाणी खात्यात चावीवाला होतो, म्हणजे रस्त्यातलं झाकण उघडून लांब चावी फिरवायची आणि वस्तीचं पाणी सोडायचं. रजेचे अर्ज सोडले तर आयुष्यात काही लिहिलं नाही. पण स्मिताचं जिथे चालू होतं त्या दवाखान्यात मी पुष्कळ बाप बघितले, सासरे बघितले, नवरे बघितले. सगळे बाहेरच्या बाकावर मान खाली घालून बसलेले, जशी काही पोलीस चौकी आहे. त्यांच्यासाठी लिहितो. बायका आपसात बोलून घेतात. आपण मेलो तरी बोलत नाही.

स्मिताला विचारून लिहितोय. ती म्हणाली, "लिही बाबा, सगळं लिही. पण मूल झालं की नाही ते लिहायचं नाही. ते माझं आहे."

मला पटलं. झालं म्हणून लिहिलं तर लोक म्हणणार, बघा, देवाने ऐकलं. नाही झालं म्हणून लिहिलं तर म्हणणार, उगाच पोरीला छळलं. मधे जे काय सोसलं ते कोणी वाचतच नाही. तेव्हा ज्यांना तेवढंच जाणून घ्यायचंय त्यांनी इथेच थांबावं, माझा काही राग नाही.

नाव कळलं तो दिवस

स्मिताच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. तिची पाळी शाळेपासून लहरी. दोन-दोन, तीन-तीन महिने यायची नाही. हनुवटीवर राठ केस यायचे. पार्लरला जायची आणि घरी सांगायची, भुवया करायला गेले होते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बापाला कोण सांगतं. मला दिसत होतं एवढंच की पोरगी जाड होत चाललीय, आणि मालाडला सासरी तिची सासू येता-जाता म्हणते, कमी खा. ती कमीच खात होती.

डॉक्टरबाईंचा दवाखाना मुलुंड पश्चिमेला, आम्ही राहतो पूर्वेला. मी गेलो होतो रिक्षाचं बघायला. आमचे जावई निलेश कामावरून थेट तिथे आले. बाईंनी दार उघडून मलाही बोलावलं. म्हणाल्या, "काका, बाहेर बसून अर्धवट ऐकाल. त्यापेक्षा आत या, पूर्ण ऐका."

पीसीओएस म्हणाल्या. काही जण पीसीओडी म्हणतात, तेच. अंडाशयात बीजं भरपूर असतात, पण नीट पिकून बाहेर पडत नाहीत. बीज बाहेर आलं नाही तर दिवस कुठून राहणार. केस त्यामुळेच, वजन त्यामुळेच, पाळीचा घोळ त्यामुळेच. पोरीने काही चुकीचं केलं म्हणून झालेलं नाही. आणि ह्यावर औषध आहे. पुष्कळ जणींना नुसत्या गोळ्यांनी गुण येतो.

मी म्हटलं, म्हणजे लाइनीत पाणी आहे, चावी उघडत नाही. इंदूने मला कोपर मारलं. बाई म्हणाल्या, तसंच समजा.

मग बाईंनी निलेशरावांना तपासणी करायला सांगितली. दोष बाईतच असतो असं धरून चालायचं नाही म्हणाल्या. आमचे जावई एका शब्दाने कुरकुरले नाहीत. दुसऱ्याच दिवशी जाऊन करून आले. त्यांचं सगळं ठीक निघालं. ही गोष्ट छोटी वाटेल, पण त्या बाकावर मी असे नवरे बघितलेत ज्यांना एवढ्यासाठी वर्ष-वर्ष मनवावं लागलं. बायकोला रोज सुया टोचल्या तर चालतात, ह्यांना एक बाटली भरून द्यायची लाज.

परत येताना सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा इंदू म्हणाली, "माझंच आहे हे सगळं."

आम्हाला स्मिता झाली ती लग्नानंतर नऊ वर्षांनी. इंदूची पाळी अशीच. हनुवटीवर केस असेच, दार लावून दोऱ्याने काढायची. गावी रोह्याकडे तिला किती उपास करायला लावले, किती अंगारे खायला घातले. तेव्हा त्या आजाराला नाव नव्हतं. नाव बाईला होतं, वांझ. आता उतारवयात तिला कळलं की ते एवढंच होतं. आणि लगेच म्हणायला लागली की मीच हिला दिलं.

स्मिता म्हणाली, "आई, तुला मी झाले ना? मग रडू नको. मला गोळ्या आण."

दात

घरात कोणाला सांगायचं नाही असं ठरलं. मला ते पहिल्यापासून पटत नव्हतं, पण पोट माझं नव्हतं. निलेशराव म्हणाले, आईला कळलं तर अख्ख्या मालाडला कळेल. इंदू म्हणाली, आमच्याकडच्यांना कळलं तर रोह्यापर्यंत कळेल. मग स्मिता सारखी मुलुंडला का येते, ह्याला कारण पाहिजे. निलेशरावांनी सुचवलं, दात. रूट कॅनल चालू आहे म्हणून सांगायचं.

तर स्मिताचे दात कित्येक महिने चालू होते. माझी थोरली बहीण माई घाटकोपरला राहते. ती एकदा म्हणाली, "गणू, एवढ्यात नवी कवळी बसवून झाली असती. कुठल्या सुताराकडे नेतोस तिला?"

पहिले काही महिने गोळ्या. पाळी आणायच्या वेगळ्या, साखरेच्या आजारावरची एक, आणि मग बीज पिकवायच्या पाच दिवसांच्या. सकाळी चालायचं, भात कमी, बेकरीचं बंद. इंदू तिच्याबरोबर चालायची आणि तिच्याच गुडघ्यांनी आधी हात टेकले. मग सोनोग्राफीची वारी सुरू झाली. बाई पडद्यावर काळे गोळे दाखवायच्या. बारीक-बारीक गोळे, सगळे सारखे. एक तरी मोठा व्हायला पाहिजे. होत नव्हता. गोळीचा डोस वाढवला, तरी होत नव्हता. बाकावर देवनारहून येणारी एक मुलगी होती, तिचं गोळीवरच झालं. तिने येऊन स्मिताला पेढा दिला. स्मिताने तो खाल्ला, तिला मिठी मारली, आणि रिक्षात बसल्यावर रस्ताभर रडली. दोन्ही खरं होतं. पेढापण, रडणंपण.

त्यातच सासरी धाकट्या जावेचं डोहाळजेवण आलं. ओटी भरायच्या वेळी सासूने स्मिताला सांगितलं, तू जरा आतच थांब, कोबी चिरायचाय. स्मिताने कोबी चिरला. घरी येऊन तिने हे हसत सांगितलं. म्हणाली, एवढा बारीक चिरला की कोणी खाईना.

दुसऱ्या दिवशी इंदू साडी नेसली, नारळ-तांदूळ घेतले, आणि आयुष्यात कधी एकटी प्रवास न केलेली ती बाई मालाडला गेली. विहिणीच्या हॉलमध्ये, विहिणीसमोर, स्मिताला पाटावर बसवून तिची ओटी भरली. विहीण म्हणाली, आज काय आहे? इंदू म्हणाली, "काही नाही. माझी पोरगी आहे. दिवस असोत नसोत, तिची ओटी मी भरते." चहा न घेता परत आली. हे मला निलेशरावांनी सांगितलं. तिने स्वतः सांगितलं ते एवढंच की मालाडला रिक्षावाले माजलेत.

वांगं

गोळ्यांनी भागेना तेव्हा इंजेक्शनं आली. रोज एक, पोटावर, ठरलेल्या वेळेला. पहिली दोन दवाखान्यात दिली. तेवढे दिवस स्मिता आमच्याकडेच राहिली. रोज दवाखान्यात जाणं जमत नव्हतं, म्हणून नर्स म्हणाली, घरी कोणी शिकेल का? निलेशरावांना सुईकडे बघवत नाही. माझे हात पाना फिरवणारे, ते नर्सनेच नको म्हटलं. इंदू म्हणाली, मी शिकते. कोलंबीच्या पाठीतला काळा दोरा न तोडता काढते मी.

नर्सने दाखवलं. घरी येऊन इंदूने पाणी भरलेली सिरिंज घेऊन वांग्यावर सराव केला. चष्मा नाकाच्या टोकावर, जीभ दातात. ते वांगं टोचून टोचून मऊ झालं. दुसऱ्या दिवशी भरलेली वांगी केली तेव्हा कोणी हात लावेना. ती म्हणाली, ते वांगं मी टाकलं, ही दुसरी आहेत. तरीपण.

पण पोरीला टोचताना तिचा हात कधी हलला नाही. टोचून झालं की आत जाऊन मोरीत हात धूत बसायची. नळ बराच वेळ चालू असायचा. मी पाणी खात्यातला माणूस, फुकट वाहणारं पाणी मला सहन होत नाही. त्या नळाला मी काही बोललो नाही.

स्मिताचं पोट फुगायचं, मन थाऱ्यावर नसायचं, डोकं दुखायचं. आमच्यावर ओरडायची. एकदा मला म्हणाली, तू माझ्याकडे असं कोंबडीकडे बघितल्यासारखं बघू नको, अंडं दिलं का म्हणून. मी दोन दिवस खिडकीतून बाहेर बघत जेवलो. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, बघ आता, एवढं पण नको.

आणि त्या महिन्यात झालं असं की इतके दिवस एकही न पिकणारी बीजं एकदम पिकली. खूप पिकली. आम्हाला वाटलं पेढे वाटावेत. बाईंनी सांगितलं, ह्या महिन्यात थांबायचं. एकदम इतकी झाली की तीन-चार मुलं राहू शकतात, पोटात पाणी भरतं, पोरीच्या जिवाला धोका. नवरा-बायकोने लांब राहायचं आणि सगळं सोडून द्यायचं.

इंदू तिथेच भडकली. "इतकी वर्षं एक नाही म्हणून रडलो, आता जास्त झाली म्हणून रडायचं? आम्ही करायचं तरी काय?" बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "आई, ह्या आजारात हे होतंच. पुढच्या वेळी अगदी थोडं औषध देऊ, हळूहळू जाऊ. घाई मला पण आहे, पण तुमच्या मुलीच्या जिवापेक्षा जास्त नाही." त्या दिवसापासून इंदूचा त्या बाईंवर विश्वास बसला. नाही म्हणणारा डॉक्टर खरा, असं म्हणायची.

पुढच्या वेळी हळूहळू गेलो. रोज तेवढंच बारीकसं औषध. वाट बघून आमचा जीव जायची वेळ आली. स्मिताने सांगून ठेवलं होतं, ह्या वेळी नाही झालं तर मी परत सुई घेणार नाही, माझ्यात आता दम नाही. पण ह्या वेळी एकच गोळा मोठा झाला. एकच. त्या सकाळी तो तयार झाला आणि त्या दुपारी आम्ही वाल सोलत बसलो.

फ्रिज

संध्याकाळी मुलुंडच्या स्मशानात अग्नी मीच दिला. आम्हाला स्मिताशिवाय कोणी नाही. बायका घरी थांबल्या. स्मिताने दिवसभर काही खाल्लं नव्हतं, तिला शेजारच्या वहिनींनी आपल्या घरी नेऊन निजवलं.

परत आलो, अंघोळ केली. इंदूच्या जागेवर दिवा लावला होता. घरात चूल पेटवायची नसते, शेजाऱ्यांनी पिठलं-भात आणला होता. माई आणि चार बायका आत, मी, निलेशराव, माईचे यजमान भावोजी आणि गावाकडची दोन-चार माणसं बाहेर. तेवढ्यात स्मिता शेजारून आली. सरळ फ्रिजकडे गेली. दार उघडलं आणि तशीच उभी राहिली.

फ्रिज रिकामा होता. पुसून चकचकीत.

"कोणी केला रिकामा?" तिने विचारलं.

माई म्हणाली, मी. गेलेल्या माणसाच्या घरातलं शिजवलेलं टाकतात, भरलेलं पाणी ओततात, एवढं तुम्हा शिकलेल्यांना कळत नाही का. इंदूचं साखरेचं इंजेक्शन होतं तेपण टाकलं, गेलेल्याचं औषध मागे ठेवू नये. कचरेवाला मघाशीच घेऊन गेला.

इंदूला साखर होती हे सगळ्यांना माहीत होतं. ती गोळ्या घ्यायची, इंजेक्शन नाही, हे माईला माहीत नव्हतं. कसं असणार? आम्ही सगळ्यांना दात सांगितले होते. माईने त्या दिवशी इंदूला स्वतःच्या हाताने अंघोळ घातली होती, साडी नेसवली होती, कुंकू लावलं होतं. तिने रीतीप्रमाणे सगळं केलं. चूक काढायची तर कोणाची काढणार.

"ते माझं होतं, आत्या," स्मिता म्हणाली.

"दाताचं इंजेक्शन फ्रिजमध्ये?"

स्मिताने माझ्याकडे बघितलं. निलेशराव जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, आता परत एक थाप मारावी लागणार. इंदूचा दिवा जळतोय आणि मी थाप शोधतोय. माझं डोकं फिरलं.

मी उठून उंबऱ्यात उभा राहिलो, म्हणजे आत पण ऐकू जाईल आणि बाहेर पण. "दात नाहीत," मी म्हटलं. "दात कधीच नव्हते. हिला मूल राहत नाही, त्याचा इलाज चालू आहे. हिचं बीज आपोआप पिकत नाही, इंजेक्शनं देऊन पिकवलंय. इंदू रोज टोचायची. उद्या सकाळी शेवटचं टोचायचं, ते टाकलंस तू. परवा दवाखान्यात पुढचं काम. आता सगळ्यांना कळलं. कोणाला रोह्याला फोन करायचा तर करा."

बाहेर कोणीतरी खोकलं. भावोजी पंख्याकडे बघायला लागले.

माई म्हणाली, "आणि हे सुतकात करणार?"

"हो."

"आईची राख थंड झाली नाही, गणू. लोक थुंकतील. पुढच्या महिन्यात कर ना, महिने काय संपत चाललेत?"

मी म्हटलं, "बीजाला सुतक पाळता येत नाही, माई. वेळ टळली की गेलं फुकट. आणि लोकांचं म्हणशील तर इंदूला नऊ वर्षं थुंकून झालंय त्यांचं."

"राहू दे, बाबा," स्मिता म्हणाली. "भांडू नको. मला नाही करायचं. आईच नाही."

मी तिला शेजारच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात घेऊन गेलो. तिथे आम्ही दोघंच. मला गोड बोलता येत नाही. आईसाठी कर असं मी म्हणणार नव्हतो. मेलेल्या माणसाचं नाव घेऊन जिवंत माणसाला दाबायचं नसतं, हे इंदूच्या वेळी आमच्या घरात पुष्कळ झालंय. मी एवढंच विचारलं, "तुला नकोय, की ह्यांना घाबरून नको म्हणतेस? तुला नको असेल तर सांग, मी परत कधी तोंडातून काढणार नाही. ह्या महिन्यात नाही, कधीच नाही."

ती ओट्याला टेकून उभी होती. पोटावर हात, जिथे टोचून टोचून निळे डाग पडले होते. रडत नव्हती.

"पाहिजे," ती म्हणाली.

"मग पिठलं-भात खा."

निलेशरावांनी बाईंना फोन लावला. इंदूचं सांगितलं, इंजेक्शनाचं सांगितलं. बाई म्हणाल्या, सकाळी आठला घेऊन या, औषध माझ्याकडे आहे, मी स्वतः थांबते.

आठला. आमच्यात दुसऱ्या दिवशी सकाळी राख सावडतात. भटजींना आठचीच वेळ दिली होती.

सकाळ

सकाळी मी उठलो. झोपलो नव्हतो, उठलो म्हणायचं आपलं. अंघोळ केली. स्मिता तयार होऊन दारात उभी होती, निलेशराव रिक्षा बघायला खाली गेले होते. माई इंदूच्या दिव्यापाशी भिंतीकडे तोंड करून बसली होती. रात्रीपासून माझ्याशी बोलली नव्हती. मी चपला घातल्या. आता शिव्या पडणार म्हणून पाठ ताठ केली.

"डोक्यावरून पाणी घेतलंस का?" तिने वळून न बघता विचारलं.

"घेतलं."

"तिने?"

"तिनेपण."

दिव्यात तेल घालत ती म्हणाली, "दहाच्या आत ये. तोवर भटजींना आणि त्या सगळ्यांना मी ह्यांना सांगून धरून ठेवते. सांगते, गणूला चक्कर आली."

"चक्कर नको सांगू."

"मग काय सांगू?"

"दवाखान्यात गेलाय म्हण. पोरीला घेऊन."

स्मिता जिना उतरायला लागली तेव्हा माईने तिला मागे बोलावलं, तिची ओढणी नीट केली आणि म्हणाली, हळू उतर गं, पायऱ्या ओल्या आहेत.

दवाखान्यात त्या दिवशी गर्दी नव्हती. बाकावर दोन-तीन बायका होत्या, त्यांना काहीतरी कळलं असावं, त्यांनी जागा दिली. निलेशरावांना सुई बघवत नाही म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. नर्सने विचारलं, बरोबर कोण येणार?

"मी," मी म्हटलं.

इतके महिने मी त्या दारापर्यंत जात होतो. इंजेक्शनाच्या खोलीत पहिल्यांदा गेलो. भिंतीवर गोऱ्या-गोऱ्या गुबगुबीत बाळांचे फोटो. सगळ्या दवाखान्यांत हीच पोरं असतात, आमच्याकडच्यासारखं एक दिसत नाही. स्मिता खाटेवर निजली. म्हणाली, बाबा, तिकडे बघ. मी त्या गोऱ्या पोरांकडे बघत उभा राहिलो आणि हात मागे केला. तिने धरला. लहानपणी धरायची तसा नाही, माझी बोटं मोडतील असा.

बाई स्वतः आल्या. स्मिता त्यांना म्हणाली, "आई टोचायच्या आधीच झालं म्हणायची."

मग मीच भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "झालं."

"अजून कापूस पण नाही लावला, बाबा."

"बरं."

नर्स हसली. स्मितापण हसली, पोट हलवू नका म्हणून बाई ओरडल्या, आणि त्यातच टोचून झालं. मी नीट उभा होतो. नंतर बाहेर येऊन बाकावर बसलो आणि तिथे, त्या सगळ्या बायकांसमोर, पहिल्यांदा रडलो. एका बाईने तिची पाण्याची बाटली पुढे केली. मी सुतकात आहे, म्हणजे माझा स्पर्श चालत नाही, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, चाचा, पी लो. मी प्यायलो.

निलेशरावांनी स्मिताला घरी नेलं. मी दुसरी रिक्षा करून थेट स्मशानात गेलो.

सगळे उभे होते. माईने खरंच धरून ठेवलं होतं त्यांना. भटजी घड्याळ बघत होते, त्यांना पुढे भांडुपला जायचं होतं. गावाकडचा माझा चुलतभाऊ हातात दुधाचा तांब्या घेऊन वैतागला होता. त्याला रात्रीचं सगळं माहीत होतं, तरी चारचौघांत मला विचारलं, "कुठे होतास रे? बायकोची राख इथे पडलीय आणि तू फिरतोस?"

काल रात्री मी संतापून बोललो होतो. आता संताप नव्हता. मी पुरता दमलो होतो. पण आवाज खाली केला नाही.

"स्मिताला मूल राहायचं इंजेक्शन द्यायला गेलो होतो," मी म्हटलं. "उद्या परत जायचंय. दे तो तांब्या."

त्याने तांब्या दिला. मी दूध शिंपडलं, मग पाणी शिंपडलं, आणि वेचायला खाली बसलो.